मानाचं पहिलं कॉलेज

परभणी, १५ एप्रिल

सुगत,

सप्रेम जयभीम. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सरकारनं अजून काढलेली नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर शेवटचा परिच्छेद तेवढा आधी वाच आणि मग खुशाल फाड.

काल जयंती झाली. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी विचारलं, "सुगतभाऊ दिसले न्हाईत औंदा बी?" मी प्रत्येकाला सांगितलं, त्याला पुण्यात फार काम असतं. आता गल्लीची अशी समजूत झाली आहे की जयंतीच्या दिवशी पुण्याचा सगळा पाणीपुरवठा तू एकटा खांद्यावर वाहतोस. खरं कारण मी कुणाला सांगत नाही. भाचीच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव माझ्या मोठ्या दिरांच्या खाली, आणि तेही चांगलं पाच-सहा ओळी खाली छापलं गेलं, म्हणून चाळिशी ओलांडलेला इंजिनियर सख्ख्या बहिणीशी बोलत नाही. हे सांगताना मलाच कसंतरी होतं. तुझी बाजू वेगळी असेल. लेखी कळव.

बरं, बातमी. मी समाजसेविका झालेय. हसून घे, थांबते.

झालं असं की आमच्या ऑफिसातले एक निवृत्त साहेब आणि त्यांचे चार मित्र खेड्यापाड्यांतल्या बारावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणाची वाट दाखवतात. दर रविवारी, फुकट. त्यांनी मला विचारलं, तुम्ही याल का? मी म्हटलं, मला काय येतं? साहेब म्हणाले, "बाई, पाटबंधाऱ्यात जन्मभर तुम्ही लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवलेत. एवढा अभ्यास जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा आहे?" हा टोमणा होता की कौतुक, ते अजून ठरत नाहीये, पण मी गेले. मला वालूर दिलं. सेलूपर्यंत रेल्वे, पुढं काळीपिवळी, आणि तिच्यात माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू किंवा सोयाबीनचं बियाणं.

पहिल्याच रविवारी शाळेच्या दारात एक म्हातारबाबा हात पसरून उभे. मला वाटलं काही मागतायत. तर तळहात दाखवत म्हणाले, "फुडचं सांगनाऱ्या बाई तुमीच ना? नातवाचं र्‍हाऊ द्या, आधी माझं बगा." गावात दवंडीच तशी फिरली होती.

मुलांना विचारलं, काय व्हायचंय? निम्मे फौजदार, निम्मे डॉक्टर. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "मॅडम, आमच्या ओढ्यावरचा पूल दर पावसाळ्यात बुडतो. तो मुळातच बुटका बांधलाय का पाणी वाढलंय, हे कोणत्या शाखेत शिकवतेत?" सुगत, माझ्या अंगावर काटा आला. पाटबंधारे खात्यात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. विचारणाऱ्याची बदली झाली असती.

तिचं नाव राजेश्री. वडील महारुद्र, शेती करतात आणि गप्प बसतात. घर चालतं थोरल्या चुलत्यांच्या, दिनकररावांच्या शब्दावर. पोरगी हुशार आहे, अगदी तुझ्याएवढी. (बघ, चांगलंही बोलते मी.)

आता शेवटचा परिच्छेद. तू पुण्यात ज्या सरकारी कॉलेजात शिकलास, तिथं सिव्हिलला कितीपर्यंत प्रवेश थांबतो, वसतिगृह मुलींना मिळतं का, आणि पहिल्या वर्षी तू रडायचास तो कशामुळं, एवढं कळव. भांडण चालू ठेवूनही कळवता येईल.

ताई


परभणी, १९ जून

सुगत,

एक निनावी पाकीट मिळालं. आत गेल्या दोन वर्षांचे आकडे, मुलींच्या वसतिगृहाचे नियम, आणि समासात पेन्सिलीनं खुणा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. पण सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ मारणारा आपल्या घराण्यात एकच माणूस आहे. मी कुणाचेच आभार मानत नाही, कारण पाकीट कुणाचंच नाही. "रडायचास" या प्रश्नाचं उत्तर फक्त राहिलंय.

आणि ऐक! राजेश्रीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल! मी ऑफिसात खुर्चीवरून अशी उठले की खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन आदळली. आत्ताचे साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना वाटलं वेतन आयोग.

संध्याकाळच्या गाडीनं तशीच वालूर गाठली. दिनकररावांच्या ओट्यावर सगळा गाव. मी पेढे पुढं केले. दिनकररावांनी पेढा घेतला, चष्मा नीट केला आणि विचारलं, "सत्त्यान्नव. बरं. मंग तीन कुटं गेले?"

मी पर्सेंटाइल म्हणजे काय ते समजावलं. शंभर पोरं रांगेत उभी केली तर सत्त्याण्णव हिच्या मागं. ते म्हणाले, "म्हंजी तिघं अजून म्होरं हायतच की." महारुद्र मधेच काहीतरी बोलणार होते, पण थोरल्या भावाकडं बघून त्यांनी ते पेढ्यासोबत गिळलं.

माणूस वाईट नाही हं. तालुक्याला त्यांच्या संस्थेचं इंजिनियरिंग कॉलेज आहे. वडिलांनी जमीन दिली, हे संचालक. दर्शनी भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याला रोज हार. बाकांवर मुलांपेक्षा चिमण्या जास्त बसतात, हा भाग वेगळा. राजेश्री मला हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं सिव्हिल न्हाईच. मला पुलाचं शिकायचंय." मी म्हटलं, काळजी करू नकोस, पुणं नक्की. माझ्या या 'नक्की'वर तू आत्ता जसा हसलास, तशी ती हसली नाही. तिनं विश्वास ठेवला.

ताई


परभणी, २० जुलै

सुगत,

पत्र घाईत लिहितेय. वाईट झालंय. तुला पोचेपर्यंत इथला निकाल लागलेला असेल, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं जाग्यावर येणार नाही. आणि ही गोष्ट कळेल असा माणूस मला तुझ्याशिवाय माहीत नाही.

कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा असतो, ते तुला माहीत आहे. क्रम आम्ही दोघींनी ठरवला होता. पुणं पहिलं, तुझं कॉलेज, सिव्हिल. आज रविवारी बघते तर दिनकररावांनी पोरीला सोबत घेऊन सेतू केंद्रात स्वतः क्रम भरून आणलाय. पहिलं संस्थेचं कॉलेज, शाखा जी असेल ती. मग नांदेड. मग संभाजीनगर. पुणं तळाला.

मी विचारलं, हे काय? अगदी समाधानानं म्हणाले, "मानापरमानं नावं टाकली मॅडम. पयलं घरचं, वडलांचा फोटू हाय तिथं. मंग जवळचे. पुनं लय लांब, ते शेवटी. आपल्या पोरीच्या, शिवकन्याच्या लग्नाची पत्रिका बी अशीच केली व्हती, कुनीसुदिक रुसलं न्हाई."

सुगत, त्यांनी पसंतीक्रमाची लग्नपत्रिका केली! कॉम्प्युटर सगळी नावं वाचेल, पोरीचे गुण बघेल आणि तिला शोभेल ते स्थळ काढून देईल, असा त्यांचा हिशोब. मी सांगितलं, कॉम्प्युटर वरून खाली वाचतो आणि जिथं पहिल्यांदा जागा मिळते तिथंच थांबतो. सत्त्याण्णववाल्या पोरीला तुमचं कॉलेज नाही म्हणेल का? तिथंच प्रवेश होणार, जागा कायम होणार, खालची नावं कुणी बघणारसुद्धा नाही. ते म्हणाले, "कायम झाली तर काय वंगाळ झालं? घरून डबा जाईल."

क्रम अजून पक्का केलेला नाही. उद्या-परवात मुदत संपते. पासवर्ड पोरीच्या मोबाइलमधे आहे. मी तिला शाळेच्या मागं नेऊन म्हटलं, दोन बटणं दाबायची आहेत, गुपचूप बदल. तुला माझा स्वभाव माहीत आहे. सरकारी नोकरीत असून मी हे म्हटलं.

ती म्हणाली, "काकांना चोरून न्हाई, मॅडम. मग मला घरातून जाता येईल, पण परत येता येणार न्हाई."

घरातून गेलेलं माणूस परत कसं येत नाही, ते मी दोन वर्षं बघतेय.

उद्या रजा टाकून वालूरला चाललेय. तुझ्या पेन्सिलीचे कागद सोबत नेतेय.

ताई


परभणी, २२ जुलै

सुगत!

बसला असशील तर उभा राहा. उभा असशील तर बस.

सोमवारी मी दिनकररावांच्या ओट्यावर पोचले. तुझे आकडे काढले, तक्ता मांडला, नोकऱ्या, पगार, पुलांची चित्रं, सगळं झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा आला. मग म्हणाले, "मॅडम, समदं पटलं. पर अध्यक्षसाहेब काय म्हनतील? संचालकाच्या घरची पोरगी, आन् आपलंच कॉलेज तळाला? भिंतीवरून वडील बगायलेत मला."

बघ, हे माझ्या तक्त्यात नव्हतं. माणसाला पगाराचं उत्तर देता येतं, भिंतीवरच्या बापाचं काय देणार? मी कागद गोळा करायला लागले. हरले होते.

तेवढ्यात राजेश्री दारातून पुढं आली. घसा खाकरला. या घरात पोरी घसा खाकरून बोलत नाहीत, त्यामुळं सगळे वळले.

"काका, शिवकन्याताईच्या लग्नात तुमी कितव्या पंगतीला जेवलात?"

"ह्ये काय इचारायचं? शेवटच्या. वाढप्यांसंगं."

"आन् बाबा?"

"त्यो बी शेवटच्याच. घरची मान्सं कुटं पयल्या पंगतीला बसतेत का? लोक शेण घालतील तोंडात."

"मग घरचं कॉलेज पयल्या पंगतीला कसं बसवलं?"

काय सांगू तुला! महारुद्रांच्या हातातला चहा बशीत सांडला आणि तो गप्प माणूस एकदम खो खो हसायला लागला. हसता हसता थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, खरं हाय की. आपुन आधी हादडून घेतलं आन् पाव्हनं पुन्याचं ताटकळत ठिवलं!" जन्मात पहिल्यांदा तो भावापुढं बोलला असावा, कारण बोलून झाल्यावर तोच घाबरला.

आतून कडूबाई, दिनकररावांच्या मंडळी, भांडी घासता घासता ओरडल्या, "लांबून आलेल्याला आधी पाट द्यावा, येवढं बी कळंना व्हय तुमाला?"

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. शेवटी म्हणाले, "पोरी, पुन्याला पयल्या पंगतीला घे. संभाजीनगर, नांदेड दुसऱ्या. आपलं शेवटी." मग जरा थांबून, एकदम खुशीत येऊन: "अध्यक्षसायबाला म्याच सांगतो. म्हनावं, घरचं हाय म्हनून शेवटी ठिवलं, मान म्हनून!"

हरलेला माणूस इतक्या थाटात जिंकताना मी पहिल्यांदा पाहिला. राजेश्रीनं तिथंच, त्यांच्यासमोर क्रम बदलला. पक्का करायचं बटण त्यांच्याच बोटानं दाबलं, दोनदा, कारण पहिल्यांदा नेट गेलं.

आणि आता तुला का लिहितेय ते. पंगतीच्या नियमाला मी टाळ्या वाजवल्या, मी! आजी लक्ष्मीबाई असती तर काठी घेऊन उठली असती. गावाच्या जेवणावळीत तिला कधी आणि कुठं बसवायचे, ते तिनं आपल्याला सांगितलंय. शेवटची पंगत म्हणजे घरच्यांचा मोठेपणा, हे दिनकररावांचं म्हणणं. आणि शेवटच्या पंगतीनंतरही कुणीतरी वाट बघत बाहेर बसलेलं असायचं, हे आपल्याला माहीत. परत येताना काळीपिवळीत मी हसत पण होते आणि पदरानं तोंड पण दाबून धरलं होतं. शेजारची बाई म्हणाली, "उलटी व्हायलीय का? खिडकीकडं सरका."

ताई


परभणी, १० ऑगस्ट

सुगत,

लागलं! पुणं! सिव्हिल! तुझंच कॉलेज!

राजेश्रीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. यावेळी खुर्ची कपाटावर आदळली नाही, कारण साहेबांनी मधे वाळूची बादली ठेवायला लावली आहे. मी टेबलावर चढायची तेवढी राहिले.

काल दिनकररावांनी जेवण घातलं. संस्थेचे अध्यक्षसाहेबही आले होते. पहिल्या पंगतीला बसले आणि राजेश्रीनं त्यांच्या कॉलेजला मान दिल्याबद्दल त्यांनीच भाषण केलं. मी पाणी पिता पिता ठसकले.

दिनकरराव ओरडत होते, "मॅडमला पयल्या पंगतीला घ्या, अध्यक्षसायबाच्या जोडीला पाट मांडा!" पाट मांडलाही. आपल्या समाजातल्या माणसासाठी त्या गावात असा पाट पहिल्यांदाच मांडला गेला असेल. मी बसणार होते. मग काय झालं कोण जाणे. तोंड उघडलं की माझ्या हातात काही नसतं, हे तुला माहीतच आहे. मी म्हटलं, "दिनकरराव, मी पाहुणी आहे का घरची? तेवढं एकदा ठरवा, म्हणजे कुठं बसायचं ते मला कळेल."

त्यांना सगळं कळलं. काय कळलं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि ते लपवायला त्यांच्याजवळ चष्मासुद्धा नव्हता, तो आत विसरला होता. मागं दोन-चार माणसं उगाच इकडंतिकडं बघायला लागली.

मग म्हणाले, "घरच्या असाल तर बसा आमच्यासंगं शेवटी. पर भात गार र्‍हाईल, मागून बोलायचं न्हाई."

सुगत, मी शेवटच्या पंगतीला बसले. एका बाजूला कडूबाई, दुसऱ्या बाजूला राजेश्री, समोर महारुद्र आणि दिनकरराव. भात गार होता. वरण तळाला गेलं होतं. कडूबाईंनी स्वतःच्या ताटातली शेवटची भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली, न विचारता. मी जेवले, काहीच बोलले नाही. मी बोलले नाही, हे पुन्हा वाच.

आता तुझं काम. वसतिगृहाच्या अर्जात 'स्थानिक पालक' असा एक रकाना आहे. पुण्यातलं कुणीतरी लागतं. पोर आजारी पडली तर धावणारं, अडली तर सही करणारं. त्यांचं पुण्यात कुणी नाही. मी म्हटलं, माझा भाऊ आहे. दिनकररावांनी विचारलं, "नाव काय पाव्हन्याचं?"

"सुगत वाव्हळे."

आडनाव त्यांनी ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं. "त्याच कॉलेजात शिकलेत म्हनता?"

"त्याच. तिथल्याच वसतिगृहात रडलेत."

"मंग लिव्हा. रडलेला मानूसच पोरीकडं बगंल."

तुला न विचारता तुझं नाव लिहिलंय. लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव वर नि कुणाचं खाली हा घोळ होतो. या रकान्यात ओळच एक आहे. तिथं तू एकटा आहेस. 'नाते' म्हणून पुढं आणखी एक रकाना आहे, तो मी कोरा ठेवला. तिथं काय लिहावं ते मला सुचलं नाही, आणि सुचलं ते लिहायचा हक्क माझा नव्हता.

राजेश्री आणि महारुद्र या महिनाअखेरीस गाडीनं येतायत. स्टेशनवर तू असशील का नसशील, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मला माहीत नाही म्हणून.

ताई


परभणी, २ सप्टेंबर

सुगत,

राजेश्रीचा फोन आला होता. इतकी भरभर बोलत होती की मी दोनदा "हळू" म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणायचं सोडून दिलं.

तू फलाटावर उभा होतास म्हणे, गाडी यायच्या कितीतरी आधीपासून. महारुद्रांची बॅग तू घेतलीस, ते देईनात, मग दोघांनी एकेक बंद धरला आणि तशी ती बॅग रिक्षापर्यंत गेली. वसतिगृहात तू सही केलीस. क्लार्कनं विचारलं, नात्याचा रकाना कोरा का? तू पेन घेतलंस आणि लिहिलंस, "मामा".

मी फोन टेबलावर ठेवून आधी माठातलं पाणी प्यायले. ती विचारत होती, "मॅडम, रेंज गेली का?"

पुढचं तिनं सांगितलं: रविवारी तू तिला मुठेवरचे पूल दाखवायला नेलंस, प्रत्येकाखाली उभं करून कुठला का टिकला ते समजावलंस, आणि वडापाव खाताना म्हणालास, "तुझ्या मॅडमना सांग, मी रडायचो ते घरच्या भाकरीसाठी. आणि त्यांचं अक्षर फार वाईट आहे, सुधारा म्हणावं." तिनं दोन्ही निरोप जसेच्या तसे दिले. पहिला मिळाला. दुसरा नाकारलाय.

दिनकररावांना 'मामा' कळवलं. ते म्हणाले, "आत्ता काय, मामा म्हनल्यावर पोरीच्या लग्नात पयला आहेर त्येंचा." मी सांगितलं, पोरगी इंजिनियर होईपर्यंत लग्नाचं नाव काढलंत तर मी तुमच्या ओट्यावर उपोषणाला बसेन. म्हणाले, "बसा की, घरच्याच हाव."

ऑक्टोबरात, धम्मचक्र दिनाच्या सुट्टीला, वालूरची ही सगळी पोरं मी घरी जेवायला बोलावली आहेत. त्यांचे आईबाप, दिनकरराव, कडूबाई, सगळे येतील. गच्चीवर पंगती. तुझ्या दाजींनी, पंडितांनी, आत्ताच पातेली मोजून ठेवली आहेत आणि माझ्याकडं संशयानं बघतायत. तू ये. वहिनीला, पोरांना घेऊन ये. राजेश्रीला पण आण, एकटीला गाडीत बसवू नकोस.

पत्रिकेचा वाद मिटला असं समजू नकोस. मी माघार घेतलेली नाही आणि तूही घेऊ नयेस. सगळं आवरल्यावर मनसोक्त भांडू. पण आधी पाहुण्यांना वाढावं लागेल, तू वरण घे, मी भात घेते. आणि मग आपण शेवटच्या पंगतीला बसू, शेजारी शेजारी.

भात गार असेल. मागून बोलायचं नाही.

ताई